काळजात उतरलेली सर्दी

सर्दीला आमच्या गावात कोणी आजार म्हणत नाही. ताप आला तर निदान गोधडी तरी देतात. नुसतं नाक गळत असलं, घसा धरला असला, तर जो येतो तो वैद्य. एक म्हणतो काढा घे. दुसरा म्हणतो गरम पाण्यात काजूची फेणी घाल, वर साखर टाक आणि डोक्यावरून घेऊन झोप. तिसरा फुटबॉल क्लबातला असला तर म्हणतो, मैदानात उतर, घाम काढ, घामाबरोबर सगळं जातं. माझ्या नातवाला हे तिन्ही सल्ले मिळाले आणि त्या गाढवानं तिन्ही घेतले. आठवलं की अजून किळस येते.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकवर आधी क्लीनर आणि मग सगळा जन्म ड्रायव्हर. लिहिण्याची सवय नाही. पण बोलून बोलून तोंड कडू झालं आणि गावात माझं ऐकून घेणारं आता कोणी उरलं नाही. ऐकणारी होती, ती गेली. म्हणून हे कागदावर.

घर आमचं पेडण्याकडे, सड्याच्या उतारावर. सड्यावर जांभ्याचं सपाट मैदान आहे, तिथं गावचा फुटबॉल. मुलगा बोटीवर असतो, वर्षातून एकदा येतो. घरात मी, सून आणि नातू. नातू बावीस वर्षांचा. औषधाच्या कारखान्यात शिफ्टला जातो आणि उरलेला सगळा वेळ त्या सड्यावर. पाय चांगले आहेत त्याचे, हे मीही म्हणतो. चेंडू घेऊन निघाला की पुढचे बाजूला होतात, बाजारात बैल सुटल्यावर होतात तसे.

माझी बायको वैशाखात गेली. आदल्या दिवशी कैऱ्या चिरता चिरता तिनं छातीला हात लावला. बाजारातल्या डॉक्टरानं तिचं पोट दाबून बघितलं, गॅस म्हणाला, पांढरी गोळी दिली, घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती सोप्यावर बसली होती, हातात सोड्याचा ग्लास. शेजारच्या दोघी तिच्यासमोर भांडत होत्या, ओवा बरा की हिंग बरा. त्या भांडत असताना ही गेली. ग्लास हातातून पडला तेव्हा त्यांना कळलं. पडल्यावरसुद्धा एक म्हणाली, चक्कर आली असेल. तेव्हापासून गॅस हा शब्द माझ्यासमोर कोणी उच्चारला की माझ्या तोंडात शिवी येते. काही वेळा ती बाहेरही पडते.

नातवाला सर्दी झाली ती जानेवारीच्या सुरुवातीला. कारखान्यातल्या कोणाकडून तरी घेऊन आला. दोन दिवस अंग कोमट, घसा धरलेला, नाक लाल. तिसऱ्या दिवशी उठून उंडा पाव चहात बुडवून खात होता. सेमीफायनल जवळ आली होती. क्लबाच्या सेक्रेटरीनं घरी येऊन त्याला आपल्या हातानं फेणीचं पाणी पाजलं आणि वर सड्यावर नेऊन पळवला. सेमीफायनल तो खेळला, गोलही मारला. म्हणजे सर्दी गेली, असं सगळ्यांनी ठरवलं.

नंतर एका सकाळी गॅसचा टेम्पो आला. तो खाली रस्त्यावर थांबतो, सिलिंडर वर आणायचं काम नातवाचं. खांद्यावर टाकून तो शिट्टी वाजवत येतो, हे मी वर्षानुवर्षं बघितलेलं. त्या दिवशी अर्ध्या उतारावर त्यानं सिलिंडर खाली ठेवला आणि त्याच्यावरच बसला.

मी सोप्यावरून ओरडलो, "काय रे, कोंबडी बसता तसो काय बसलस? अंडी घालतलस?"

"नाय आजो. जरा दम लागलो."

जरा दम लागला म्हणे. ज्याला नव्वद मिनिटं पळून दम लागत नाही त्याला. मी खाली उतरलो. ओठ फिके पडले होते, मानेवर घाम, आणि जानेवारीची थंड सकाळ. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. ट्रकचं इंजिन मिसिंग मारायला लागलं की स्टिअरिंगवर कळतं, दोन ठोके बरे, एक गायब, मग घाईघाईनं तीन. तसंच ते.

"कदीपासून असा?"

"मॅचीपासून. मधी मधी धडधडता. जाता मग."

"आणि सांगूक तोंड नाय?"

"सांगलंय तर तू खेळूक दिलो नसतस."

इतक्यात सून दारात आली, हात पुसत. "काय झाला? गॅस असतलो बाबा, काल रात्री त्यानं वाटाण्याची उसळ—"

मी तिला काय बोललो ते इथं लिहीत नाही. सुनेला बोलू नये असं बोललो. ती रडत आत गेली आणि मी नातवाला शेजाऱ्याच्या गाडीत घातला. बाजारातल्या डॉक्टराच्या दवाखान्यावरून गाडी गेली तेव्हा खिडकीतून थुंकलो. शेजारी म्हणाला, "काका, काचेक लागला मरे." लागू दे म्हटलं.

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात त्याच्या छातीला वायरी लावल्या, रक्त काढलं, मशीनवर काळीज हलताना बघितलं आणि पुढं त्याला त्या बोगद्यासारख्या मोठ्या मशीनमध्ये घातलं. सगळं झाल्यावर एक डॉक्टरीण आली. वयानं माझ्या नातवापेक्षा फार मोठी नसेल. पण ती पहिली बाई, जिनं मला खुर्चीवर बसवलं आणि मग तोंड उघडलं.

"आजोबा, ह्याला सर्दी झाली होती ना? त्या सर्दीच्या विषाणूंची लागण हृदयापर्यंत गेली. हृदयाच्या मांसाला सूज आलीय."

"सर्दी काळजात जाता?"

"बहुतेकांची नाही जात. काहींची जाते. आणि किती जोरात सर्दी झाली होती त्यावर ते नसतं. साधी सर्दी असते, माणूस विसरूनही जातो. सूज असताना आराम केला तर बहुतेक वेळा बरी होते. सूज असताना पळला, तर ठोके बिघडतात. बिघडले की कधी कधी तिथंच, मैदानातच..."

पुढचं मला समजलं. नातवाला समजलं नाही. तो पलंगावर वायरींमध्ये बसून विचारतो, "डॉक्टर, आमची फायनल आहे. फायनलीपर्यंत बरं होईल?"

"फायनल विसर. सहा महिने पळायचं नाही, वजन उचलायचं नाही. मग परत सगळं तपासू."

"पण मला आता काहीच होत नाही. बघा ना."

"तुला काही होत नाही म्हणूनच तू मला जास्त त्रास देणार आहेस," ती म्हणाली. शहाणी पोर.

त्याला घरी आणला आणि दुसऱ्याच दिवशी क्लब दारात. सेक्रेटरी, त्याच्याबरोबर तीन-चार जण, हातात केळ्यांचा घड. सेक्रेटरी म्हणजे चाळिशी उलटलेला, किनाऱ्यावर पर्यटकांना स्कूटर भाड्यानं देणारा, पांढरे बूट, गळ्यात जाड साखळी. आजाऱ्याला बघायला आले म्हणून बसले. आजाऱ्याला कोणी बघितलं नाही. सगळे त्याच्या पायांकडे बघत होते.

मशीनमधला फोटो मी मेजावर ठेवला होता. सेक्रेटरीनं तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला. उलटा धरला.

"हा काळीज?" म्हणाला. "माका फणसाची आठळी दिसता."

सगळे हसले. नातूही हसला.

मी म्हटलं, "सुलटो धर. मगे अक्कल दिसतली. तुझी न्हय, डॉक्टराची."

"काका, रागवू नकात. पण हॉस्पिटलवाले असेच. माझ्या मेव्हण्याक सांगलेले, जिनो चढू नको. आज तो माडार चढता."

"तुझो मेव्हणो माडार चढता तो तुझ्या बहिणीपासून पळाक."

पुन्हा हसले. पण सेक्रेटरी हलला नाही. आवाज खाली आणून म्हणाला, "फायनलाक मोठ्या क्लबाचो माणूस येवचो असा, बघूक. ह्याका बघूक. एक मॅच, काका. पोराच्या जन्माची गोष्ट असा."

"व्हय. जन्माचीच."

तेव्हा त्यांच्यातला एक म्हणाला, "भांडताव कित्याक? देवीक विचारूया." नातवाचा चेहरा उजळला. दारामागे उभ्या सुनेनं हात जोडले. माझा हात केळ्यांच्या घडावर होता, तो मी काढून घेतला.

आमच्याकडे कसं चालतं ते सांगतो. लग्न असो, घर बांधायचं असो, विहीर खणायची असो, देवीला विचारतात. पुजारी मूर्तीवर पाण्यानं फुलांच्या पाकळ्या चिकटवतो, उजवीकडे आणि डावीकडे. गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्याला कौल म्हणतात. एकदा कौल मिळाला की त्याच्यावर कोणी बोलत नाही, कोर्टसुद्धा नाही. आणि तीच गोष्ट देवीला परत विचारायची नाही. मी जन्मभर हे बघितलं, मानलंसुद्धा. माझं लग्नही कौलावर ठरलं, आणि ते वाईट झालं नाही.

संध्याकाळी सगळे देवळात. मी आत गेलो नाही, बाहेर तुळशीजवळच्या कठड्यावर बसलो. आतला आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"बा देवी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा क्लब.

"येत्या रविवारी तुझ्या गावची पोरां फायनलाक उतरतत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यांच्यातलो हो एक झिल," इथं पुजाऱ्यानं माझ्या नातवाचं नाव घेतलं, घराचं नाव घेतलं, "त्याच्या आंगाक थोडां बरां नाय म्हणतत. त्याचा काय असात ता तू काढ, त्याका मैदानात उभो कर, आणि उजवो दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

थोडां बरां नाय! काळजाला सूज आली आहे हे देवीला कोणी सांगितलंच नाही. माणसांना बनवतात ते बनवतात, देवीलाही अर्धवटच सांगतात. मग एकदम ओरडा झाला, घंटा वाजली. उजवी पडली होती. सून बाहेर आली ती डोळे पुसत, हसत. "बाबा, उजवी पडली. आता काळजी नाय."

पाकळी पाण्यानं चिकटवलेली असते. पाणी सुकलं की कुठली तरी पडणारच. हे मी तिला सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता, आणि देवळाच्या कठड्यावर बसून ते म्हणवत नव्हतं.

घरी येऊन नातवाशी भांडण झालं.

"देवीन उजवो दिलो आजो."

"देवीन तुझो फोटो बघितलो?"

"तुझो इश्वास नाय तर नको ठेवू. माझो असा."

"सेमीफायनल झाल्यार तुझ्या छातीत धडधडला, तेव्हा देवी खंय होती?"

"बाबा!" सून ओरडली. "असा अभद्र बोलू नकात. दिव्याची वेळ असा."

मी डॉक्टरणीला फोन लावला आणि नातवाच्या कानाला धरला. ती त्याला बराच वेळ समजावत होती, मला तिचा आवाज येत होता, बिचारी न चिडता एकच गोष्ट तीनदा सांगत होती. तो "हो, हो" करत राहिला. फोन ठेवला आणि बुटांना ग्रीस लावायला बसला. एवढं शिकलेली पोर, एवढी मशीन, रक्त काढून बघितलेलं, सगळं एका पाकळीखाली गेलं. घरातल्या माणसांची, ज्यांच्याबरोबर मी राहतो त्यांची, मला शिसारी आली. ह्याच घरात ह्याच अकलेनं माझी बायको सोड्याचा ग्लास देऊन बसवली होती.

फायनल रविवारी होती. शुक्रवारी सकाळी मी सोप्यावर चहा पीत होतो. शेजारीण हळदीकुंकवाचं आमंत्रण करायला आली. संक्रांतीचे दिवस. सुनेनं तिला दारातच थांबवलं.

"नको गे. आमका येवचा नाय. आमचा वर्ष होवक नाय अजून."

"अगो बाई! इसरलंयच मी," शेजारीण म्हणाली. कपाळावर हात मारून गेली.

मी कप खाली ठेवला.

आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्ष होईपर्यंत त्या घरात मंगल काही करत नाहीत. गणपतीच्या चवथीला आमच्याकडे करंज्या तळल्या नाहीत. आणि त्या वर्षात त्या घराच्या नावानं देवीकडे कौलही लावत नाहीत. लावलाच तर तो कौल धरत नाहीत. फायनलच्या आधी सगळे खेळाडू देवीच्या नारळाला हात लावून मैदानात उतरतात, त्या नारळाला अशा घरच्या माणसानं हात लावायचा नाही. हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक. आणि फायनलच्या कपाच्या नादात अख्खं गाव ते विसरलं होतं, पुजाऱ्यासकट. माझी बायको मेली आहे हेच ती माणसं विसरली होती. नऊ महिनेही झाले नव्हते.

मी तसाच उठून पुजाऱ्याच्या घरी गेलो. तो अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होता. माझ्याच वयाचा, लहानपणी आम्ही एकत्र काजू चोरायचो.

"कौल कोणाच्या घरासाठी लावलेलंस?" मी विचारलं.

"गावासाठी. कित्याक?"

"नाव कोणाचा घेतलंस? घर कोणाचा सांगलंस?"

"तुझ्या नातवाचा. तुझ्या घराचा. तू भायर बसलेलंस मरे, ऐकलंस ना?"

"माझ्या घरात वर्ष झाला?"

तो सुपारी हातात धरून बसला तसाच बसला. तोंड उघडं. मग हळूच म्हणाला, "वैशाख... अजून... अरे देवा."

"त्याच वैशाखात तू माझ्याकडे जेवलंस, बाराव्या दिवसाच्या पंगतीक. खीर दोनदा मागलंस."

"आधी सांगूक काय झालेला तुका?"

"माका आता याद आली. तुझा काम ता याद ठेवचा."

त्याला माझ्या नातवाची काळजी वाटली असं मी म्हणणार नाही. त्याला स्वतःची वाटली. चुकीचा कौल, आणि वर गाव हरलं, तर सगळं खापर त्याच्या डोक्यावर. हे त्याच्या तोंडावर एका क्षणात चढलं आणि तो धोतर सावरत उठला. दुपारपर्यंत गावभर झालं: कौल फुकट गेला, त्या घराचं वर्ष व्हायचं आहे, तो पोर नारळाला हात लावू शकत नाही, म्हणजे उतरू शकत नाही. कोणी वाद घातला नाही. एकानंही नाही. आदल्या आठवड्यात ज्या माणसांनी काळजाचा फोटो उलटा धरून आठळी म्हटलं, त्यांना हे मात्र एका दमात पटलं. मी जिंकलो. जे डॉक्टरणीच्या तोंडून पटलं नाही, ते माझ्या मेलेल्या बायकोच्या नावावर पटवावं लागलं.

संध्याकाळी सेक्रेटरी आला. ह्या वेळी केळी नव्हती.

"काका, तुमी मुद्दाम केलात."

"व्हय."

"मोठ्या क्लबाचो माणूस येता. पोराचा वाटोळा केलात. म्हातारी गेली तशी तुमका सगळीकडे मरणच दिसता."

मी दरवाजा लावून घेतला. लावताना त्याचा पांढरा बूट उंबऱ्यात अडकला, तो त्यानं ओढून काढला. बाहेरून शिव्या देत राहिला. शिव्या चांगल्या होत्या, मी ट्रकवर त्याहून बऱ्या ऐकल्या आहेत.

खरी शिवी नातवानं दिली. तो शिफ्टवरून आला, सगळं त्याला वाटेतच कळलं होतं. आवाज चढवला नाही.

"आजयेचा नाव कशाक वापरलंस?" एवढंच म्हणाला. "ती असती तर माका खेळूक धाडलो असतो तिनं. चोरून धाडलो असतो."

ते खरं होतं. तिनं धाडला असता. तिचा जीव त्याच्यावर, आणि त्याला नाही म्हणणं तिला कधी जमलं नाही. तो जेवणाच्या ताटावरून उठून गेला.

फायनल गाव हरलं. एकच गोल, तोही आमच्याच माणसाच्या पायाला लागून. मी वर गेलो नव्हतो. उतारावरून लोक परतताना आमच्या घरासमोर येऊन आवाज मोठे करायचे. "म्हाताऱ्यान कप खाल्लो." कोणी फाटकावर नारळाची करवंटी मारली. त्यानंतर बाजारात नमस्कार बंद झाले. पुजारीही मला बघून गल्ली बदलायचा, जसा काही मीच कौल लावला होता. फक्त पाववाला पोदेर रोज सकाळी हॉर्न वाजवत यायचा, त्याला फुटबॉल आवडत नाही.

आणि नातवाला काहीच झालं नाही. हे सगळ्यांत वाईट. सहा महिने तो धडधाकट फिरत होता, शिफ्टला जात होता. लोक त्याला बघायचे आणि माझ्याकडे बघायचे. काय झाला ह्याका? घोडो असा मरे घोडो. मी कोणाला काय दाखवणार? न झालेली गोष्ट दाखवता येत नाही. कधी कधी मलाच वाटायचं, की एक मॅच खेळून काही झालं नसतं. मग मला माझीही शिसारी यायची, आणि मी उठून त्याच्या गोळीची वेळ झाली का ते बघायचो. तो माझ्याशी बोलत नव्हता. गोळी हातावर ठेवली की घ्यायचा. एवढंच.

पावसात त्याला परत हॉस्पिटलात नेलं. सरकत्या पट्ट्यावर पळवला, एक दिवस छातीला छोटी मशीन बांधून घरी पाठवला, पुन्हा त्या बोगद्यात घातला. तीच डॉक्टरीण. तिनं फोटो दाखवला, सुलटा धरून. सूज गेली होती. एका जागी बारीक पांढरी रेघ राहिली होती.

"हा वण," ती म्हणाली. "सूज किती होती ते ह्याच्यावरून समजा. हळूहळू खेळायला लागू दे. पण वर्षातून एकदा इथं यायचं. आणि परत सर्दी-ताप आला तर मैदानावर जायचं नाही. कोणी काहीही पाजलं तरी."

नातू त्या रेघेकडे बघत बसला. बोट लावून बघितलं त्यानं, फोटोला. परतल्यावर घराच्या उतारावर माझ्या हातातली पिशवी घ्यायला त्यानं हात पुढं केला. मी दिली नाही. वजन उचलायचं डॉक्टरणीला अजून विचारलं नव्हतं. मग तो हसला, आणि म्हणाला, "आजो, पिशयेत फकत कागद असत."

दिवाळीनंतर तो पुन्हा सड्यावर उतरला. पहिला सामना, शेजारच्या गावाबरोबर, कप वगैरे काही नाही. मी वर गेलो. जांभ्याच्या बांधावर बसलो. जवळ कोणी बसलं नाही. थोड्या वेळानं सेक्रेटरी आला आणि, जागा दुसरीकडे नव्हती म्हणून, माझ्याशेजारी टेकला. पांढरे बूट लाल मातीनं भरलेले.

नातू चेंडू घेऊन निघाला. पुढचे बाजूला झाले, पहिल्यासारखे.

"बघा," सेक्रेटरी म्हणाला. "बघा कसो धावता. तेव्हाय असोच धावलो असतो. उगीच फायनल घालवलात, काका. काय झाला असता? कायएक झाला नसता."

मी नातवाची छाती बघत होतो, चेंडू नाही. लाल मातीत एवढ्या लांबून छाती दिसत नाही, तरी बघत होतो.

मग त्या बाजूच्या पोरानं पाय घातला आणि नातू पडला. तोंडावर. धूळ उठली आणि तो उठला नाही. एक क्षण, दोन क्षण. मी उठायच्या आधी माझ्याशेजारून कोणीतरी उठलं होतं. सेक्रेटरी. बांधावरून खाली उडी टाकून मैदानात अर्ध्यापर्यंत पळाला होता, दोन्ही हात डोक्याला लावलेले, तोंड उघडं, आवाज नाही.

नातू उठला. गुडघा झटकला, तोंडातली माती थुंकली आणि रेफरीला अशी एक शिवी घातली की इकडचे सगळे हसले.

सेक्रेटरी तिथंच उभा राहिला थोडा वेळ. मग सावकाश परत आला, बांधावर चढला, माझ्याशेजारी बसला. त्याच्या गळ्यातली साखळी हलत होती, श्वासानं. माझ्याकडे बघितलं नाही.

"फाउल दिलो?" त्यानं विचारलं.

"दिलो," मी म्हटलं.